मु. पो. लेवांतो

इटलीच्या सहलीचं कुठलंही पत्रक उघडा, रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस ही नावं ठरलेली असतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला आणखी एक नाव दिसू लागलं आहे, चिंक्वे तेर्रे. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरिया प्रांतात, थेट समुद्रात उतरणाऱ्या डोंगरांना बिलगून बसलेली ही पाच गावं. पत्रकात त्यांच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. सकाळी बस ला स्पेत्सिया शहरात सोडते, तिथून रेल्वेने एकदोन गावं, रंगीत घरांसमोर फोटो, उन्हात रांग लावून मिळालेला पिझ्झाचा तुकडा, आणि रात्री महामार्गालगतच्या हॉटेलात डाळ-भात. किनारा पाहिला असं सांगता येतं, पण तिथे राहिलो, जेवलो असं म्हणता येत नाही.

हे मला मनापासून खटकतं. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांत मराठी माणसाला, त्यातही शाकाहारी माणसाला, लिगुरियाइतका सोयीचा किनारा सापडणं कठीण. इथल्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे बेसन, कडधान्यं, पालेभाज्या आणि ऑलिव्हचं तेल. गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही. पाच गावांतच राहण्याची हौस बाजूला ठेवली तर खर्चही आवाक्यात राहतो. मात्र मुक्काम कुठे टाकायचा हे नीट विचार करून ठरवायला हवं, कारण ताटात काय येणार हे इथे मुक्कामाच्या गावावर अवलंबून असतं.

जेनोवा ते ला स्पेत्सिया हा रेल्वेमार्ग १८७४ साली पूर्ण झाला. डोंगर समुद्रापर्यंत आलेले, त्यामुळे बराचसा प्रवास बोगद्यांतून. बोगदा संपतो, क्षणभर निळं पाणी दिसतं, की लगेच पुढचा बोगदा. रेक्को, कामोल्यी, सांता मार्गेरिता, रापाल्लो, कियावरी, सेस्त्री लेवान्ते, लेवांतो अशी गावं एकामागोमाग एक येतात. लेवांतोच्या पुढे ती प्रसिद्ध पाच : मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. मग ला स्पेत्सिया. लेवांतो आणि ला स्पेत्सिया ही दोन टोकं, आणि त्यांच्यामध्ये दिवसभर धावणाऱ्या लोकल गाड्या. लेवांतोहून मोंतेरोस्सो जेमतेम पाच मिनिटांवर आहे. म्हणजे पाच गावं बघण्यासाठी पाच गावांत राहण्याची काहीच गरज नाही.

तरी बहुतेकांना तिथेच खोली हवी असते. चित्रातल्या त्या गुलाबी-पिवळ्या घरात झोपायचं असतं. मी त्यांना समजू शकते, पण सल्ला विचाराल तर नको म्हणेन. ही घरं कोळ्यांची आणि द्राक्षमळेवाल्यांची, एकाला एक लागून उंच चढत गेलेली. आता त्यांचे तुकडे पाडून पाहुण्यांच्या खोल्या केल्या आहेत. लिफ्ट बहुधा नसते, जिने अरुंद आणि खडे असतात. स्टेशनपासून घरापर्यंत सामान आपणच उचलायचं. कोर्नील्या तर कड्यावर आहे. स्टेशनपासून गावात जायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या किंवा एक छोटी बस. ज्यांच्यासोबत गुडघेदुखीचे आईबाबा आहेत त्यांनी याचा आधी विचार करावा. दिवसा इतकी गर्दी असते की वेर्नात्साच्या एकमेव मोठ्या गल्लीत चालता येत नाही, आणि जिथे गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही हे माहीत असतं तिथे बऱ्याच खानावळी स्वयंपाकाकडे लक्ष देत नाहीत. चांगल्या जागाही आहेत, नाही असं नाही, पण त्या शोधाव्या लागतात आणि आधी टेबल राखून ठेवावं लागतं.

याहून मोठं कारण वेगळं आहे. १९९७ साली युनेस्कोने पोर्तोव्हेनेरे आणि चिंक्वे तेर्रे यांना जागतिक वारसा ठरवलं, ते नुसत्या रंगीत घरांसाठी ठरवलं नाही. या डोंगरांवर जवळजवळ हजार वर्षं माणसांनी चुना-माती न वापरता दगडावर दगड रचून बांध घातले, उतार कापून पायऱ्यापायऱ्यांची शेतं केली आणि त्यांवर द्राक्षं लावली. सगळे बांध जोडले तर हजारो किलोमीटर भरतील. उतार इतका खडा की आजही द्राक्षांच्या टोपल्या खाली आणायला दात्यांच्या एकाच रुळावर चालणारी, खेळण्यातली वाटावी अशी गाडी वापरतात. सुकवलेल्या द्राक्षांपासून तिथे श्याकेत्रा नावाचं गोड मद्य बनतं, ते अगदी थोडं निघतं आणि लहान बाटलीतून विकलं जातं. हे बांध दरवर्षी दुरुस्त करावे लागतात. शेती सोडून खोल्या भाड्याने देणं फायद्याचं झालं की बांधाकडे कोण बघणार? पडका बांध पाणी अडवत नाही आणि मातीही धरून ठेवत नाही. २५ ऑक्टोबर २०११ रोजी या भागात काही तासांत प्रचंड पाऊस झाला. वेर्नात्साची मुख्य गल्ली पहिल्या मजल्यापर्यंत चिखलाने भरली, मोंतेरोस्सोतही तेच, माणसं गेली. त्या वर्षी दिवाळी नेमकी त्याच आठवड्यात होती. गावकऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी महिनोन्‌महिने चिखल उपसला आणि पुढच्या हंगामाला दुकानं उघडली. आज तिथे फोटो काढताना हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

म्हणून गावात राहायचंच असेल तर शेती करणाऱ्याच्या घरी राहा. इटलीत १९८५ साली कृषी पर्यटनाचा कायदा झाला. 'आग्रितुरिस्मो' ही पाटी लावायची तर मुख्य धंदा शेतीचाच असावा लागतो, पाहुणे हा जोडधंदा. अशा घरात नाश्त्याला त्यांच्याच बागेतल्या लिंबांचा मुरंबा मिळतो आणि तुमचे पैसे बांधाच्या दगडापर्यंत पोचतात. मोंतेरोस्सोच्या वर डोंगरात सोव्हिओरेचं जुनं देवस्थान आहे, तिथेही यात्रेकरूंसाठी बांधलेल्या साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात. तिथून समुद्र सगळा खाली दिसतो. फक्त रात्री जेवायला खाली उतरलात तर परत वर कसं यायचं ते आधी विचारून ठेवा.

बाकीच्यांसाठी माझं उत्तर लेवांतो. गावाला मोठी पुळण आहे, सपाट रस्ते आहेत, किराण्याची खरी दुकानं आहेत, शाळा आहे, म्हाताऱ्या माणसांच्या गप्पांचे बाक आहेत. जुनी रेल्वे समुद्राकाठून जायची, ती पुढे डोंगराच्या आत नेली. सोडून दिलेल्या त्या बोगद्यांतून आता बोनास्सोला आणि फ्रामुरापर्यंत चालण्याची आणि सायकलची वाट झाली आहे. चढ नाही, ऊन नाही, मधूनमधून भिंतीला मोकळी खिडकी आणि खाली लाटा. नातवंडं आणि आजी-आजोबा बरोबरीने जाऊ शकतील अशी वाट या खड्या किनाऱ्यावर दुर्मीळच.

दुसरी निवड कियावरी. सहलीच्या पत्रकात हे नाव दिसत नाही, पण आपल्या लग्नाच्या हॉलमध्ये ज्या नाजूक सोनेरी खुर्च्या मांडतात त्यांचं मूळ गाव हेच. १८०७ साली ज्युझेप्पे गाएतानो देस्काल्त्सी या सुताराने ती हलकी खुर्ची इथे घडवली. गावाच्या मधोमध कमानींखालून जाणारा लांबलचक जुना बाजाररस्ता आहे, पावसातही कोरडं राहून फिरता येतं. लोकलने लेवांतो अर्ध्या तासाच्या आसपास. जेनोवाकडेही जाता येतं.

तिसरी निवड कामोल्यी. खर्च जास्त, पण समुद्रकाठी उभ्या सहासात मजली इमारती आणि त्यांच्या भिंतींवर रंगाने काढलेल्या खोट्या खिडक्या एकदा तरी पाहाव्यात. इथून बोटीने अर्ध्या तासात सान फ्रुत्तुओसो या मठाशी पोचता येतं. तिथे मोटारीचा रस्ताच नाही, बोट किंवा डोंगरवाट. जवळच समुद्राच्या तळाशी, सुमारे १७ मीटर खोल, १९५४ साली ठेवलेली ख्रिस्ताची मूर्ती आहे. ला स्पेत्सिया हे नौदलाचं शहर, देखणं नाही, पण सर्वांत स्वस्त आणि रोजच्या बाजारासाठी उत्तम.

खोली घेताना काही गोष्टी माहीत असाव्यात. १ जानेवारी २०२५ पासून इटलीत अल्पमुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो, तो जाहिरातीत आणि दारावर लिहिलेला असला पाहिजे. नसेल तर ती जागा सोडा. घरमालकाला पाहुण्यांची माहिती २४ तासांत पोलिसांना कळवावी लागते, म्हणून पासपोर्ट मागितला तर बिचकू नका. बऱ्याच गावांत माणशी, दर रात्रीचा मुक्काम-कर असतो आणि तो बहुधा तिथे गेल्यावर रोख द्यायचा असतो. छोट्या घरांत चोवीस तास कुणी बसलेलं नसतं. तुमची गाडी किती वाजता पोचते ते आदल्या दिवशी कळवलंत तरच दार उघडायला माणूस येईल. शक्यतो स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. दिवसातून एकदा आपल्या हाताचा वरण-भात झाला की मंडळी बाहेरचं जेवण जास्त आनंदाने जेवतात, हे कुटुंबासोबत फिरलेल्या कुणालाही विचारा.

आता जेवण, आणि त्यात पहिला मान फारिनाताचा. जेनोवाच्या जुन्या बंदरालगत कमानींचा जो रस्ता आहे, त्याच्या मागच्या गल्ल्यांत लाकडाच्या भट्ट्या असलेली जुनी दुकानं आहेत. भट्टीत एका बाजूला लाकडं धडधडत असतात. मोकळ्या जागेत कल्हई केलेली तांब्याची परात सरकवतात, इतकी रुंद की दोन हातांच्या कवेत मावणार नाही. तिच्यात आधी ऑलिव्ह तेल ओततात, मग हरभऱ्याचं पीठ, पाणी आणि मीठ एवढ्याचंच पातळ पीठ. ते कित्येक तास आधी भिजवून ठेवलेलं असतं आणि वर आलेला फेस काढून टाकलेला असतो. परात आत सरकवून लांब दांडीने फिरवत राहतात, म्हणजे एकीकडे करपत नाही. थोड्या वेळात वर तपकिरी डाग पडतात, कडा कुरकुरीत होतात, आतला भाग मऊ आणि ओलसर राहतो. जाडी बोटाच्या पेरापेक्षाही कमी. बाहेर आली की वेडेवाकडे तुकडे कापतात, वर भरपूर मिरेपूड, आणि कागदावर ठेवून हातात. गार झाली की तिची मजा गेली, म्हणून परात बाहेर यायच्या वेळेला लोक दुकानासमोर घुटमळत असतात.

या पदार्थाची एक दंतकथा सांगतात. ६ ऑगस्ट १२८४ रोजी मेलोरियाच्या लढाईत जेनोवाने पिसाच्या आरमाराचा पराभव केला. परतताना वादळात पिठाची पोती आणि तेलाची पिंपं फुटली, समुद्राच्या पाण्यात सगळं कालवलं गेलं, आणि उन्हात वाळलेलं तेच भुकेल्या खलाशांनी खाल्लं. खरंखोटं कुणास ठाऊक, पण खलाशांबरोबर हा पदार्थ खरोखर फिरला. फ्रान्सच्या नीस शहरात तो 'सोक्का', पिसाकडे 'चेचिना', आणि इटलीहून गेलेल्या लोकांबरोबर अर्जेंटिनातही पोचला. जेनोवात 'सा पेस्ता' आणि कियावरीत १९०७ पासून चालत आलेलं 'लुकिन' ही फारिनातासाठी नावाजलेली ठिकाणं.

हरभऱ्याच्या पिठाचाच दुसरा प्रकार पानिस्सा. पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, थापून गार करायचं आणि वड्या पाडायच्या. आपल्या पाटवडीला फोडणी आणि कोथिंबीर वगळून बघावं तशी. कुणी लिंबू-कांद्याबरोबर खातं, कुणी तळून. ला स्पेत्सियात मेशूआ मिळतं, गहू, हरभरे आणि पांढरे घेवडे वेगवेगळे शिजवून एकत्र केलेलं, वर कच्चं ऑलिव्ह तेल आणि मिरी. बंदरावर पोत्यांतून सांडलेले दाणे वेचून गरीब बायका हे करायच्या, असं तिथे सांगतात. असं अन्न खानावळीच्या इंग्रजी मेनूवर क्वचितच असतं. ते ज्या गावात लोक वर्षभर राहतात त्या गावात मिळतं, आणि मुक्कामाबद्दलचा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

पेस्तो सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण बाटलीतलं. जेनोवाच्या पश्चिमेला प्रा नावाच्या भागात काचघरांतून जी तुळस वाढवतात तिची पानं कोवळी असतानाच खुडतात. ती आपल्या वृंदावनातली तुळस नव्हे. फालुद्यात घालतो तो सब्जा ज्या जातीचं बी आहे त्याच जातीतली. या तुळशीला २००५ पासून युरोपात भौगोलिक संरक्षण आहे. संगमरवरी खलात लसूण आणि जाडं मीठ, मग पानं, चिलगोज्यांच्या कुळातले पाइनचे दाणे, दोन प्रकारचं चीज आणि शेवटी तेल. खरी रीत अशी की त्रोफिए नावाची पिळदार शेवई, बटाट्याचे तुकडे आणि फरसबी एकाच पातेल्यात उकडायची आणि त्यावर पेस्तो. त्याखेरीज रानभाज्या भरलेले पान्सोती, वर अक्रोडाची पांढरी चटणी. पालेभाजी आवडणाऱ्याने हे चुकवू नये.

सकाळी मात्र फोकाच्चा. बोटांनी खळगे पाडलेला, तेलाने चमकणारा खारट पाव, वजनावर कापून देतात. जेनोवाची माणसं तो चक्क दूध-कॉफीत बुडवून खातात. रेक्कोचा फोकाच्चा वेगळाच, न फुगवलेल्या पिठाच्या कागदासारख्या दोन पातळ पापुद्र्यांत मऊ ताजं चीज. २०१५ पासून त्याचं नावही संरक्षित आहे, रेक्को आणि शेजारच्या मोजक्या गावांबाहेर ते लावता येत नाही. रेक्कोतलं 'मानुएलिना' १८८५ पासून त्यासाठी प्रसिद्ध आहे.

काटेकोर शाकाहारी मंडळींना स्पष्ट सांगते. परमेसान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, आणि पेस्तोत ते असतं. चालत नसेल तर चीज न घालता मागा किंवा फारिनाता, पानिस्सा, मेशूआ, साधा फोकाच्चा यांवर राहा. फारिनाता घेतानाही ती साधी आहे ना हे विचारा, कधीकधी वर बारीक मासे पेरतात. मेशूआत मांसाचा रस्सा घातलेला नाही ना, आणि भाज्यांच्या सॉसमध्ये आन्चोव्ही मासा विरघळवलेला नाही ना, हेही. नम्रपणे विचारलं तर तिथली माणसं नीट सांगतात.

मासे खाणाऱ्यांना तर सांगायलाच नको. मोंतेरोस्सोची आन्चोव्ही आपल्या मांदेलीच्याच कुळातली. ताजी असताना लिंबात मुरवून, सारण भरून तळून, किंवा वेर्नात्साच्या पद्धतीने बटाटे-टोमॅटोच्या थरांत भाजून. मेनूवर माशाची किंमत बहुधा शंभर ग्रॅमची असते. अख्खा मासा मागवण्याआधी वजन करून किंमत विचारा, नाहीतर बिल पाहून डोळे पांढरे होतात. पदार्थापुढे तारांकन असेल तर तो गोठवलेला. माणशी दोनतीन युरोचा 'कोपेर्तो' हा टेबलाचा आकार असतो, ती फसवणूक नाही. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातच्या आत चूल पेटत नाही. मधल्या वेळेला फोकाच्चावाला आहेच.

पाच गावं बघायला सकाळी लवकर निघा आणि दुपारच्या आत परता. रेल्वे आणि डोंगरवाटा मिळून एकच कार्ड मिळतं. वाटांवर चपला घालून गेलात तर दंड आहे, बंद बूट हवेत. रिओमाज्जोरे ते मानारोला ही कड्यावरची वाट २०१२ साली दरड कोसळून बंद झाली होती, ती २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली. तिथे जाण्याची वेळ आधी राखून ठेवावी लागते.

राहता राहिला प्रश्न कधी जायचं. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत परदेशी जायची पद्धत पडली आहे. लिगुरियासाठी ती चुकीची वेळ. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि नोव्हेंबरमध्येच तिथे सर्वाधिक पाऊस पडतो. प्रशासन पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं आणि वाटा बंद करतं. पुष्कळ खानावळी आणि घरं नोव्हेंबरमध्ये हंगाम संपला म्हणून कुलूप लावतात. ऑगस्टमध्ये अख्खी इटली समुद्रावर असते. मे महिना आपल्या शाळांच्या सुट्टीचा आणि तिथल्या कोवळ्या तुळशीचाही, हवा चालण्याजोगी. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाच्या जागेचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. तेव्हा हा अंक वाचून झाला की पुढच्या मे महिन्यासाठी लेवांतो किंवा कियावरीत खोली बघायला घ्या, आणि अर्ध्या दिवसाऐवजी निदान आठवडाभर तरी तिथे राहा.